सूज म्हणजे मार

माझ्या भावाच्या हातात घण असताना त्याच्याशी वाद घालू नये, आणि हातात घण नसेल तेव्हा तर मुळीच घालू नये. घण असला की तो निदान भिंतीकडे बघत असतो. कामावर सगळे त्याला 'घण' म्हणूनच हाक मारतात. जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीत तो मिसरूड फुटायच्या आधीपासून आहे. आधी आमच्या बाबांच्या हाताखाली, मग बाबा गेल्यावर त्यांच्या जागी. कुठली भिंत कुठे ठोकली की कुठल्या बाजूला पडेल हे त्याला बरोबर कळतं. माणसांचं तेवढं कळत नाही.

आमचं घर मारकुटं होतं. हे सांगायची मला हौस नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. बाबा दादाला मारायचे, दादा मला मारायचा आणि मी भांडी आपटायचे. आई कुणावर हात टाकत नसे, पण तिची जीभ त्याची भरपाई करायची. माया नव्हती असं नाही. मी तापानं फणफणले की दादा रात्रभर उशाशी बसायचा, आणि ताप उतरला की 'पुन्हा उन्हात गेलीस तर बघ' म्हणून पाठीत एक धपाटा घालायचा.

या घरात अधूनमधून कुणीतरी सुजायचं. बाबांचा हात कोपरापर्यंत फुगायचा, बोटं मिटायची नाहीत. दिवसभर विटा फोडल्यावर हात सुजणार नाही तर काय होणार, असं सगळे म्हणायचे. कधी ओठ सुजायचा. मग कुणाशी तरी जुंपली असेल. कधी ते पोट धरून जमिनीवर लोळायचे, हिरवं ओकायचे. एकदा तर डॉक्टरांनी त्यांचं पोट फाडून पाहिलं, आत काही सापडलं नाही, म्हणून होतं तसं शिवून टाकलं. ती सूज खाजायची नाही, लाल व्हायची नाही, दोन-तीन दिवसांत आपली आपण ओसरायची. दादालाही तसंच व्हायचं, मलाही. पण जिथे रोज कुणीतरी कुणाला हाणतं, तिथे सूज म्हणजे मार. दुसरं कारण आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही.

माझ्या नवऱ्याला विचारा. बस डेपोत कारकून आहे, माशी मारली तरी हळहळणारा माणूस. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा एक दिवस मी उठले तर वरचा ओठ नाकाला टेकलेला. नेमका त्याच दिवशी दादा घरी आला.

"कुणी मारलं?"

"कुणी नाही रे. सकाळी उठले तर असाच होता."

"मारणाऱ्याला प्रत्येक बाई वाचवते," दादा म्हणाला आणि दारामागे जाऊन उभा राहिला. संध्याकाळी नवरा शीळ घालत आत आला. दादानं त्याच्या हातातला जेवणाचा डबा काढून घेतला आणि तोच त्याच्या तोंडावर घातला. नवऱ्याचे दोन दात पडले. मी दादाच्या दंडाला चावले, तेव्हा कुठे तो थांबला. नवरा अजून म्हणतो, नशीब, डबा रिकामा होता. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

बाबा गेले ते याच्याही आधी. एक जुना कारखाना पाडायचं काम चालू होतं. राडारोडा नेणारा ट्रक फार भरला म्हणून ड्रायव्हर बाबांशी भांडला. ढकलाढकली झाली, ट्रकचं दार बाबांच्या जबड्यावर आपटलं. दोघांनी एकमेकांचा उद्धार केला आणि आपापल्या कामाला लागले. असली भांडणं रोजचीच होती. दुपारनंतर बाबा त्याच ट्रकमधून राडारोडा टाकायच्या जागेकडे निघाले. मागच्या ट्रकमध्ये आमची माणसं होती. त्यांना दिसलं ते असं: पुढचा ट्रक रस्त्याच्या कडेला वाकडातिकडा थांबलेला, ड्रायव्हर बाबांच्या अंगावर चढलेला, त्याचे दोन्ही हात बाबांच्या गळ्याशी, आणि बाबांचे पाय झटके देतायत. त्यांनी ड्रायव्हरला खाली ओढलं आणि रस्त्यावर तुडवलं. तो लाथा खात ओरडत होता, "अरे, त्याला बघा, त्याला श्वास येत नाहीये!" त्याला तुडवून झाल्यावर कुणीतरी आत बघितलं. बाबा गेले होते. तोंड ओळखू येणार नाही इतकं सुजलं होतं, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, त्याखालच्या बटणापाशी कापड फाटलेलं.

ड्रायव्हर म्हणत राहिला, की मी बटणं काढत होतो. आधी बाबांचा आवाज बसला, मग ते गळ्याकडे बोट दाखवायला लागले, असं तो सांगायचा. शवाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरानंही सांगितलं, की गळ्यावर बाहेरून दाबल्याची एकही खूण नाही. गळा आतून सुजून बंद झालाय, कशानं ते कळत नाही. ड्रायव्हर सुटला. आम्ही म्हणालो, डॉक्टर विकला गेला. मीही म्हणाले, आणि सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणाले. आईनं तो शर्ट न धुता ट्रंकेत ठेवला.

ड्रायव्हर सुटला त्या दिवशी दादा त्याच्या गल्लीच्या तोंडाशी उभा होता. घण उचलून त्याच्या उजव्या गुडघ्यावर घातला. तो पडला तेव्हा पुन्हा त्याच गुडघ्यावर घातला. लोक सांगतात, तिसऱ्यांदा उचललेला घण त्यानं स्वतःच खाली ठेवला आणि पोलीस येईपर्यंत ड्रायव्हरच्या शेजारी पायरीवर बसून राहिला. पुढची कित्येक वर्षं तुरुंगात काढली. तेवढ्यात आई गेली, समाधानानं गेली. सूड घेणारा मुलगा पोटी आला, असं म्हणत गेली.

दादा बाहेर आला, कामावर रुजू झाला, त्याचं लग्न झालं. ड्रायव्हर पुन्हा ट्रक चालवण्याच्या लायकीचा राहिला नव्हता. मालकानं त्याला राडारोड्याच्या वजनकाट्यावर बसवलं. काट्याशेजारी खिडकीची एक टपरीवजा खोली. आत तो, भिंतीला टेकवलेली त्याची लोखंडी कुबडी आणि वजनाचे लाल आकडे. शहरातला प्रत्येक राडारोड्याचा ट्रक त्या काट्यावरून जातो, आणि दादाचा कामाचा रस्ताही तोच. दादा रोज सकाळी तिथे थांबायचा, खिडकीसमोर थुंकायचा आणि पुढे जायचा. ड्रायव्हर आकड्यांवरची नजर हलवायचा नाही. वहिनी एकदा म्हणाली, "देवपूजा चुकेल, पण यांचं थुंकणं चुकायचं नाही."

दादाला एक मुलगी झाली. तिला आम्ही ठिणगी म्हणतो, कारण तीही याच घराण्यातली. एका सकाळी, शाळेला सुट्टी होती म्हणून, ती बापाच्या मागे कामावर गेली आणि अर्धवट पाडलेल्या भिंतीवर चढून बसली. दादानं वर बघितलं आणि त्याचा जीव उडाला. तिला खाली घेतलं, छातीशी धरलं, आणि मग घरच्या रिवाजाप्रमाणे खाडकन एक थोबाडीत दिली.

दुपारी तिचा गाल फुगला. मग ओठ, मग हनुवटीखालचा भाग. जवळच्या डॉक्टरानं अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी तिचा आवाज घोगरा झाला आणि ती गळ्याकडे बोट दाखवायला लागली. मोठ्या रुग्णालयात पोचलो तेव्हा पोर निळी पडली होती. त्यांनी घशात नळी घातली म्हणून वाचली. नर्सनं गालावरची बोटं बघितली, बंद झालेला गळा बघितला, दादाचे हात बघितले, आणि पोलिसांना फोन केला.

"एक थोबाडीत दिली," दादा सांगत होता. "गळ्याला हात लावला नाही. पोरीची शपथ."

पोलिसांनी त्याचा जुना गुन्हा काढला. कोठडीत त्याला असा मारला, की दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा तो पायांवर उभा राहू शकत नव्हता. "तू तरी मानतेस ना?" त्यानं मला विचारलं. मी लगेच 'हो' म्हणाले नाही. आयुष्यभर त्याचे हात बघितले होते मी. त्यानं माझ्या तोंडावरून ओळखलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई मात्र वेगळंच विचारत होत्या. सूज खाजते का? घरात आणखी कुणाला येते का? मी ओठाचं सांगितलं, दादाच्या हाताचं सांगितलं, आणि बाबांच्या पोटाचं सांगायला लागले तशा त्या खुर्ची ओढून बसल्या.

"आपल्या रक्तात जन्मापासून एक राखण असते," त्या म्हणाल्या. "राखणीचा कुत्रा समजा. बाहेरचं काही आलं की अंगावर जातो. पण कुत्र्याला साखळी लागते. ते काम एक प्रथिन करतं. ते कमी असेल, तर जरा धक्का लागला, मार लागला, की कुत्रा सुटतो आणि घरातल्यांनाच फाडतो. मग हात सुजतो, पोट सुजतं, गळा सुजतो. हे वंशातून येतं. रक्त तपासलं की कळेल."

ठिणगीचं रक्त घेतलं. ते लगेच यंत्रात फिरवून, वरचं पाणी वेगळं करून गोठवायचं असतं. पण प्रयोगशाळेत कुणीतरी ती नळी तशीच टेबलावर ठेवून दिली. प्रथिन कमी आलं खरं, पण बाई म्हणाल्या, नमुना बाहेर राहिला तरी असं येऊ शकतं, पुन्हा घ्यावं लागेल. तोवर दादा आणखी मार खात कोठडीत राहिला. त्या नळीवाल्याचे हातपाय तोडावेत असं मला वाटलं; मीही त्याच घरातली. दुसऱ्या वेळी बाई स्वतः रक्त घेऊन गेल्या आणि गोठेपर्यंत तिथे उभ्या राहिल्या. निकाल तोच आला. साखळीचं प्रथिन जवळजवळ नव्हतंच.

बाईंनी पोलिसांना समजावलं. दादा सुटला. लंगडत वॉर्डात आला, नळी काढलेल्या ठिणगीच्या केसांवरून हात फिरवला. बाई म्हणाल्या, "तुम्ही गळा दाबला नव्हता. गळा आतून बंद झाला होता. बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटतं. आता तुमचंही रक्त द्या. हे तुमच्याकडून आलंय असं दिसतंय."

दादा हसायला लागला होता, तो मध्येच थांबला. आमच्यात सगळ्यात आधी त्यालाच कळलं.

"माझ्याकडून म्हणजे?" तो म्हणाला. "मला कुठून आलं?"

 

"बाबांना नव्हतं," दादा म्हणाला. "मी रक्त देणार नाही." रक्त घेणाऱ्या मुलानं त्याचा दंड धरला. दादानं त्याला भिंतीवर भिरकावला, नळ्यांचा ट्रे फरशीवर आपटला, खुर्ची उचलून काचेच्या कपाटावर मारली. काचांत उभा राहून तो दारातल्या पोलिसावर ओरडला, "लिहून घ्या! मीच दाबला पोरीचा गळा! रक्तबिक्त सगळं खोटं आहे! पहिला नमुना बिघडला तसा दुसरा पण बिघडला!"

वहिनी काचा तुडवत त्याच्यापर्यंत गेली. ती आमच्या घरात आल्यापासून कुणावर हात उगारताना मी तिला पाहिलं नव्हतं. तिनं त्याच्या छातीवर मुठी मारायला सुरुवात केली. "तुमचा बाप मेला, तुम्ही एकाला लंगडा केलात, आता तेच खरं राहावं म्हणून माझ्या पोरीचं दुखणं खोटं ठरवता? मी कुणाकडे औषध मागू मग? कुणाकडे?" दादा मार खात उभा राहिला. मग खाली बसला आणि हात पुढे केला. सुई टोचली तेव्हा तो लहान मुलासारखा रडत होता. त्याच्यानंतर मी हात पुढे केला.

दादाचं प्रथिन कमी आलं. माझंही. आईच्या माहेरी कुणी कधी सुजलं नव्हतं. ते कुणाकडून आलं हे विचारायची गरजच उरली नाही. बाईंनी रोजच्या गोळ्या दिल्या आणि ठिणगीसाठी एक इंजेक्शन खटपट करून मिळवून दिलं. गळा सुजायला लागला की पोटावर टोचायचं, ते त्यांनी मला आणि वहिनीला शिकवलं. दादाला बजावलं, "तोंडावर किंवा गळ्यावर मार बसता कामा नये. जीव जाईल."

त्यानंतर दादा काट्यासमोर थुंकला नाही. कामावर जायला लांबचा रस्ता धरला. गोळ्यांची बाटली तशीच भरलेली, हे मला नंतर कळलं. मग एका सकाळी माझ्या दारात आला. "बाबांचा शर्ट घे आणि चल." आईची ट्रंक माझ्याकडेच होती.

काट्यावर ट्रक नव्हता. दादानं शर्ट खिडकीत ठेवला. "तू खरं सांगत होतास," तो म्हणाला. "ते आमच्या रक्तात आहे. पोरीचं तपासलं, माझं तपासलं, हिचं तपासलं."

ड्रायव्हर शर्टाकडे बघत राहिला. मग कुबडी घेऊन बाहेर आला. म्हातारा झाला होता. "रक्त बोललं तेव्हा पटलं होय?" तो म्हणाला. "मी तोंडानं बोलत होतो तेव्हा तुम्ही सगळे कुठे होता?" आणि त्यानं लोखंडी कुबडी दादाच्या जबड्यावर हाणली.

दादानं हात पाठीमागे बांधून घेतले. दुसरा फटका तोंडावर बसला, ओठ फाटला. मी मध्ये घुसले. "तोंडावर नको! मरेल तो!"

"तू बाजूला हो," दादा म्हणाला. माझ्याशी तो अख्ख्या आयुष्यात इतक्या हळू आवाजात बोलला नव्हता.

ड्रायव्हर दमेपर्यंत मारत राहिला. मग आत गेला आणि खिडकी लावून घेतली. दादा खिडकीखाली भिंतीला टेकून बसला. मी म्हणाले, रुग्णालयात चल. म्हणाला, "इथेच बसतो. बाबांसारखं होऊ दे. फिटेल."

"कुणाचं फिटेल, गाढवा? पोरीला काय सांगू?"

तो हलेना. त्या रेड्याला मी उचलणार कशी? मी इंजेक्शनसाठी दादाच्या घराकडे धावले. वहिनी बाहेर गेली होती. ती येईपर्यंत मी कुलपाशी डोकं आपटून घेतलं. तिनं सगळं ऐकलं, फ्रीज उघडला आणि ठिणगीचं एकुलतं एक इंजेक्शन माझ्या हातात ठेवलं.

परत आले तेव्हा उन्हं कलली होती. काट्यावर दोन ट्रक थांबले होते आणि आमच्या टोळीची माणसं फावडी घेऊन धावत होती. दादा जमिनीवर उताणा, तोंड ओळखू येणार नाही असं सुजलेलं, पाय झटके देतायत. ड्रायव्हर त्याच्या अंगावर, दोन्ही हात त्याच्या गळ्याशी.

"बापाला मारलं, आता पोराला!" कुणीतरी ओरडलं आणि फावड्याचा दांडा ड्रायव्हरच्या पाठीत बसला. तो हलला नाही. दुसरा डोक्यात बसला, रक्त आलं. तरी हात सोडेना. मी त्याच्या पाठीवर जाऊन पडले. तिसरा दांडा माझ्या खांद्यावर बसला.

"बटणं काढतोय तो!" मी किंचाळले. "काढू द्या! काढू द्या त्याला!"

बटण तुटून माझ्या तोंडावर उडालं. ड्रायव्हरनं दादाची मान मागे झुकवून धरली. मी दादाचा शर्ट वर करून पोटावर सुई टोचली. फावडी घेतलेली माणसं तशीच उभी होती. मग त्यातल्याच एकानं ट्रक चालू केला. रुग्णालयापर्यंत ड्रायव्हरनं दादाची हनुवटी वर धरून ठेवली. त्याचं रक्त दादाच्या छातीवर ठिबकत होतं.

दादाच्या घशात नळी गेली. वाचेल, असं बाई म्हणाल्या. त्यांनी ठिणगीसाठी दुसरं इंजेक्शन मागवायला लगेच फोन लावला. ड्रायव्हर बाहेर बाकावर बसला होता, डोक्याला टाके घातलेले, कुबडी काट्यावरच राहिलेली. मी त्याला पाणी दिलं. माझा खांदा सुजायला लागला होता. मला त्याचा राग आला होता, दादाचा आला होता, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या मोठ्या आवाजाचा आला होता.

"एवढे मारत होते तुम्हाला," मी म्हणाले. "हात का नाही सोडलात?"

त्यानं पाणी पिऊन घेतलं.

"मागच्या वेळी मार बसला म्हणून सोडले होते," तो म्हणाला. "एकच बटण निघालं होतं तेव्हा."

मी त्याच्या शेजारी बसून राहिले.